पहिल्या कागदाचा रंग

दादा,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग भाषणं सुरू झाली. पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुला शांत, संयमी, मनमिळाऊ करून टाकलं. मी पुढच्या सतरंजीवर बसून दातओठ खात होते. शांत? तू? माझ्या कपाळावरची ही खूण तू मारलेल्या दगडाची आहे. विहिरीवरची मोटार तूच घणानं फोडलीस. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर जायचं आणि मग तूच ते मुकाट्यानं घासायला बसायचास. एकानं तर तुला अजातशत्रू म्हटलं. वरकुट्यात! जिथं तुला दाव्यानं बांधून मारलं, त्या गावात उभं राहून!

माईक हिसकावून घ्यावा असं फार वाटलं. सांगावं की हा माणूस आयुष्यभर भांडला, मुरमाशी भांडला, गावाशी भांडला आणि सगळ्यात जास्त माझ्याशी. पण मी उठले नाही. उठले असते तर एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी तुलाही सांगितलेली नव्हती.

तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारी, खाणीत कमरेएवढ्या खड्ड्यात उभा राहून तू मला विचारलंस, "सुजे, खरं सांग. पैल्या खेपंला कागुद कुठल्या रंगाचा झाला हुता?"

मी म्हटलं, "पांढराच राहिला होता."

तू माझ्याकडं बघितलंस. बाजूला थुंकलास. परत टिकाव उचललास. मंगळवारी खाणीची कड तुझ्या अंगावर कोसळली.

आता मी भांडायचं कुणाशी, सांग? म्हणून लिहितेय.

आबाला सरकारनं दिलेली जमीन आठव. लोकांना जमीन मिळते, आपल्याला खाण मिळाली. जुन्या काळी कालव्यासाठी तिथला दगड फोडला, दगड संपला, उरला एक मोठा खड्डा आणि सभोवती मुरमाचे ढीग. त्या ढिगांना सातबारा चिकटवून सरकार मोकळं झालं. आबानं उभी हयात ते ढीग फोडण्यात घातली. शाळा सुटली की आपण दोघं पाट्या घेऊन हजर. तू भरायचास, मी ओतायची. मी पुस्तकातलं काही बडबडले की तू खडा मारायचास, मी तुझ्या दंडाला चावायची. असं आपलं प्रेम.

एकदा तुला ढिगात लोखंडी कडं सापडलं. गंजलेलं, पिंपाला असतं तसं. आपण ते काठीनं गाडा म्हणून पळवत घरी आणलं. आबानं बघितलं मात्र, आणि काय अंगात आलं त्याच्या! आपल्याला धू धू धुतलं. बाभळीच्या फोकानं, पाठीवर, पायावर, जिथं लागेल तिथं. आणि मारून झाल्यावर तोच आबा आपल्या दोघांचे हात राखेनं घासत बसला. इतके घासले की सालटी निघाली. तू रडत ओरडत होतास, "आता तरी सोड की!" आबा म्हणाला, "सोमलाचं हाय त्ये. सोमलाचं."

तेव्हा एकदाच त्यानं सगळं सांगितलं. दगड संपल्यावर बाहेरगावच्या एका कातड्याच्या व्यापाऱ्यानं खाण वापरायला घेतली होती. मेलेल्या ढोरांची कातडी तिथं यायची. कीड लागू नये म्हणून ती सोमलाच्या पाण्यात बुचकळायची, वाळवायची आणि मुंबईला धाडायची. बुचकळायला आपला आजा. त्याच्या तळहातांना खड्यांसारखे टणक फोड आलेले आबानं बघितले होते. छप्पन साली आपल्या माणसांनी ढोरं ओढायचं सोडलं, कातड्याला हात लावायचं सोडलं. व्यापाऱ्याला माणूस मिळेना. तो गेला, जाताना उरलेली पिंपं खाणीतच मुरमाखाली गाडून गेला.

"ह्यो शबुद पुन्यांदा घरात काढायचा न्हाय," आबा म्हणाला. "गावात तर मुळीच न्हाय."

का, ते तुलाही माहीत होतं, मलाही. गावात कुणाचंही जनावर मेलं की बोट आपल्या वस्तीकडं. ह्यांनीच वैरणीत सोमल घातला, कातड्यासाठी घातला. आज्याच्या थोरल्या भावाला असंच एका बैलापायी बाभळीला बांधून मारलं होतं. तो पुढं कधी सरळ चालला नाही. बैल घटसर्पानं मेला होता, पण ते नंतर कळलं, आणि नंतर कळून काय करायचं असतं?

मी तो शब्द गिळला. एवढा गिळला की कॉलेजात गेल्यावर मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करताना आर्सेनिकपाशी, म्हणजे त्या सोमलापाशीच, माझी जीभ अडखळायची. तू ढिगावर काठी घेऊन बसायचास आणि माझ्याकडून तक्ता म्हणवून घ्यायचास. तुला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी थांबले की काठी आपटायचास. स्वतः दहावीला शाळा सोडलीस, मला सायकलवर डबलसीट एसटी थांब्यावर सोडलंस, चार वर्षं, पावसात, चिखलात, शिव्या घालत. एकदा विचारलंस, "ह्ये आर्सेनिक म्हंजी काय गं?" मी म्हटलं, "असतं एक विष." तिथंच सांगितलं असतं तर?

बारामतीच्या कॉलेजात मी लॅब असिस्टंट लागले तेव्हा माझा पांढरा कोट तू स्वतः घालून बघितलास आणि वहिनीला म्हणालास, "डाक्टर दिसतोय का न्हाय?" शोभावहिनी हसून हसून खाली बसली. तो कोट खुंटीला आहे. धुवायला नको वाटतो, दादा.

मग उपशाचं पाणी आलं आणि तू पिसाळलास. ऊस! पाणी दे, खत दे, अजून पाणी दे. तीन वर्षांत खालच्या अंगाची जमीन चोपण झाली. पाणी मुरेना, वर पांढरा खार फुटला. मग उन्हाळ्यात तू एकट्यानं चर खणलास, साचलेलं पाणी ओढ्याला काढून द्यायला. सरळ खाणीच्या जुन्या खड्ड्यातून. छाती पुढं काढून दाखवत होतास, "बघ सुजे, पानी कसं वाट धरतंय!" मलाही कौतुकच वाटलं. एवढी शिकलेली मी, आणि मला तेव्हा कळलं नाही की त्या पाण्याबरोबर दुसरंही काहीतरी वाट धरतंय.

लाल मुरमात लोखंड असतं. कोरडं असेपर्यंत सोमल त्या लोखंडाला चिकटून पडून राहतो, चाळीस वर्षं काय, चारशे वर्षं. पण महिनोन्‌महिने पाणी तुंबलं, मातीतली हवा गेली, की लोखंड विरघळतं आणि सोमल सुटतो. वरून तू खत ओतत होतास. त्यातला स्फुरद सोमलाला धक्के मारून त्याच्या जागेवर बसतो. म्हणजे जे मुरमात निजलं होतं ते आपण हातानं उठवलं, आणि चर खणून त्याला रस्ता करून दिला. हे मला आता पाठ आहे.

चराकडचा ऊस करपला तेव्हा तू सरबताच्या बाटलीत विहिरीचं पाणी आणि साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत चराची माती घेऊन बारामतीला आलास. "बघ, काय बिघडलंय त्ये."

रविवारी लॅब उघडली. खार तपासला, तो होताच. मग का कोण जाणे, आबाचा राखेनं भरलेला हात डोळ्यांपुढं आला. मी बाटलीत पाणी घेतलं, जस्ताचे तुकडे टाकले, आम्ल ओतलं, तोंडावर रसायनात भिजवून वाळवलेला कागद बांधला. सोमल नसेल तर कागद पांढरा राहतो. असेल तर पिवळा पडतो.

हळद लागल्यासारखा पिवळा पडला, दादा. मातीचा तर विटकरी झाला.

मी दोन्ही कागद फाडले. तुकडे मोरीत टाकले आणि नळ सोडून उभी राहिले.

तुला म्हटलं, "नुसता खार आहे. जिप्सम टाक. आणि विहिरीचं पाणी पिऊ नका, फार खारं आहे, हापशाचं आणा." मला वाटलं, भागलं. तू, वहिनी, पोरं ते पाणी पिणार नाही, मग झालं तर. तुला सांगितलं असतं तर तू गप्प बसणार होतास का? तू पारावर जाऊन बोंबलला असतास, "माझ्या रानात सोमल हाय!" आणि पुढचं ऐकून घेतलं नसतं कुणी. आपल्या रानात सोमल, एवढंच गावाला पुरलं असतं. मी तुला वाचवत होते. अशी माझी अक्कल.

म्हशी मला सुचल्याच नाहीत.

दगडूतात्यांचं रान आपल्या बांधाला लागून. तुमचं दोघांचं दिवसातून दोनदा भांडण आणि चारदा बिडी. तात्यांनी आपल्या घरचा चहा कधी घेतला नाही, आपल्याला त्यांच्या घरात कधी तांब्या मिळाला नाही, पण तुझ्या हातची बिडी चालायची. त्यांच्या म्हशी चराच्या काठाला यायच्या आणि तो पांढरा खार चाटत राहायच्या. जनावराला खारट आवडतं. तुम्ही दोघं बिडी ओढत त्यांच्याकडं बघत बसायचात.

तीन आठवड्यांनी एका दुपारी त्यांच्या दोन्ही म्हशी गेल्या. पाय झाडत, हागवणीनं लडबडून. त्यातली एक गाभण. तात्या मातीत लोळून रडले म्हणे. आणि पारावरच्या कुण्या शहाण्यानं तो शब्द बाहेर काढला.

मी तिथं नव्हते. वहिनीनं सांगितलं तेच माझ्याकडं आहे. तीस-चाळीस माणसं आली. तू गोठ्यात धार काढत होतास. कासंडीला लाथ बसली, मग तुला. मेलेल्या म्हशीचं दावं आणलं होतं, त्यानं तुला गोठ्याच्या मेढीला आवळलं. कुऱ्हाडीचे दांडे, उसाची टिपरी, हाताला येईल ते. तात्या सगळ्यात पुढं. वहिनी आडवी पडली तर तिला केसाला धरून उकिरड्यावर फेकली. कातडं कुठाय, कातडं कुठाय, म्हणून घर उलथंपालथं केलं. घरात काय सापडलं? पोरांची दप्तरं आणि माझ्या पुस्तकांची पत्र्याची पेटी. कातडं! ज्यांच्या आज्यानं चाळीस वर्षांपूर्वी कातडं सोडलं त्यांच्या घरात!

तुझा डावा हात दोन जागी मोडला, कान फाटला, तीन दात गेले. आणि वहिनी म्हणाली, तू एकच वाक्य ओरडत होतास. "आरं, म्या सोमल आनीन कुठनं? म्या त्यो जल्मात बघितला बी न्हाय!"

खरं बोलत होतास. चर तुझ्या पायापाशी होता, सोमल त्यात होता आणि तुला माहीत नव्हतं. माहीत मला होतं. मी त्या वेळी बारामतीत पोरांच्या परीक्षानळ्या धूत होते.

दवाखान्यात तुझ्या कॉटशेजारी मी जी भांडले तशी आयुष्यात भांडले नाही. केस कर! कायदा आहे! एकेकाला आत घाल, त्या म्हाताऱ्याला आधी! सगळा वॉर्ड गोळा झाला, सिस्टर ओरडली. तू फुटक्या ओठातून म्हणालास, "क्येस करू की. पर म्हशी मेल्या कशानं, त्ये सांगशील का न्हाय आदी?"

मी म्हटलं, "पाणी परत तपासते."

ह्या 'परत'मध्ये मी किती लपवलं, बघ. नवी बाटली आणली, वहिनीकडून पाणी मागवलं आणि तुझा हात गळ्यात असताना तुला लॅबमध्ये स्टुलावर बसवून, पहिल्यांदाच करतेय असं दाखवत सगळं केलं. कागद पिवळा झाला. "सोमल," मी म्हटलं, आबाला दिलेला शब्द मोडून. तू स्टुलावरून उठलास आणि हसलास. तीन दात नसलेलं तोंड उघडून खदाखदा हसलास. "म्हंजी म्या न्हाय! सुजे, म्या न्हाय!" आणि मग हमसून हमसून रडलास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला माझ्या हाताची किळस येत होती.

घरी गेल्या गेल्या तू एका हातानं घण उचलून विहिरीवरची मोटार फोडलीस. दुसऱ्या दिवशी गावापुढं कागद घेऊन उभा राहिलास, व्यापाऱ्यानं गाडलेल्या पिंपांचं सगळं सांगितलंस. लोक काय म्हणाले? "तुझी भन, तिचाच कागुद, तिचाच रंग." एकजण म्हणाला, "हिरीत सोमल हाय म्हंतोस, मग त्यो टाकला कुणी?" शेतकी ऑफिसातून जीप आली, साहेबानं रुमाल नाकाला लावून वरची वीतभर माती उचलली, तीही उसातली, चराच्या जवळसुद्धा गेला नाही. अहवाल आला: जमीन चोपण, जिप्सम टाका. माझंच वाक्य! वाचून मी कागदाचा चोळामोळा केला.

आणि तात्या म्हणाले, "पिंप दाव, उत्तम. म्हाताऱ्यास्नी आटवतंय थोडं, व्यापारी हुता म्हंत्यात. पिंप दावलंस तर गावाम्होरं तुजं पाय धरीन."

झालं. तुला तेवढंच पाहिजे होतं.

हात जेमतेम जुळलेला, आणि तू खाणीत उतरलास. मी किती भांडले! माणसं लाव, कड कच्ची आहे, ओली आहे, वरून खण, बाजूनं खणू नको. "तू केस कर, खाण नको," मी म्हणायची. "क्येस केल्यावर तात्या आत जाईल, सोमल भाईरच राहील," तू म्हणायचास. मला तेव्हाही वाटायचं तुझं चुकतंय. अजून वाटतं. मारणाऱ्याला मोकळं सोडून त्यालाच पटवत बसायचं, ही कुठली रीत? पण माझा आवाज एवढा का चढायचा, ते मला माहीत होतं. केस झाली की दोष त्यांच्या नावावर पक्का होणार होता, माझ्या नावावर काही येणार नव्हतं.

त्या रविवारी मी डबा घेऊन आले. तू भाकरी हातावर घेतलीस आणि खातखात म्हणालास, "एक इचारू? म्हशी मरायच्या आदीच तू म्हनली हुतीस, हिरीचं पानी पिऊ नगा, हापशाचं आना. खाऱ्या पाण्याला मानूस एवढं भितंय व्हय गं?" आणि मग तो प्रश्न. कागदाच्या रंगाचा.

सगळं ओळखून विचारलंस तू. शिवी न देता विचारलंस, तिथंच मी ओळखायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याशी हळू बोललास आणि मी तुला खोटं सांगितलं. तू मारलं असतंस तर बरं झालं असतं. अजून एक दगड मारायचा होतास, कपाळाच्या दुसऱ्या बाजूला.

मंगळवारी शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला. मी पोचले तेव्हा तुला काढलं होतं. कुणी काढलं, ते ऐक. तुला मारणाऱ्यांनीच. तात्यांच्या रानातली माणसं आवाज ऐकून धावली, पाट्या, फावडी, काही नव्हतं तर हातांनी. तात्यांची नखं उपसून आली होती, बोटं रक्तानं आणि लाल मुरमानं माखलेली. तुझं तोंड मुरमानं भरलं होतं. आणि तुझ्या पायाखाली, तुला ओढताना जो मुरूम सरकला त्याच्या खाली, दोन हातांवर पिंप होतं. कुजलेलं, कुशीला फुटलेलं, आत पांढरी भुकटी गच्च. त्याच्या शेजारी दुसरं. दोन हात, दादा.

मी तात्यांच्या अंगावर गेले. सगळ्या गावादेखत त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला थोबाडीत मारली, छातीवर बुक्क्या मारल्या, "तुम्ही मारलं, तुम्ही मारलं माझ्या दादाला," म्हणत. ते हलले नाहीत. कुणी मला धरायला आलं तर म्हणाले, "मारू द्या तिला." मग तुला उचलायची वेळ आली तेव्हा त्यांनी तुझे पाय धरले. खाणीतून घरापर्यंत त्यांनीच धरले, कुणाला दिले नाहीत. बोलल्याप्रमाणं वागला म्हातारा. मी मात्र अजून कुणाचे पाय धरायच्या लायकीची नाही.

काल भाषणं संपल्यावर तात्या मांडवाच्या कडेला उभे होते. माझ्या हातात त्यांनी एक बाटली दिली. "आमच्या बोरचं पानी हाय. नात पिती. बघतीस का?" माझ्याकडं न बघता म्हणाले.

आज सकाळी लॅब उघडल्या उघडल्या बाटली लावली. जस्त, आम्ल, कागद. मी कागदाकडं बघत उभी राहिले आणि मनात म्हणत होते, पांढरा राहा, एवढा एक पांढरा राहा. फिकट, पण पिवळा झाला. सोमल बांध ओलांडून गेलाय. माती बांध बघत नाही.

मोरी शेजारीच होती. खरं सांगते, दादा, क्षणभर वाटलं. म्हाताऱ्याला म्हणावं, नुसतं खारं आहे, गावातल्या हापशाचं आणा. पोरगी वाचते, गाव गप्प राहतं, मी पण वाचते. पण हेच तर मी केलं होतं. कागद वहीत ठेवला आणि दुपारच्या एसटीनं वरकुट्याला आले.

तात्या ओसरीवर होते. मला बघून उठले, आत गेले आणि काय घेऊन आले माहीत आहे? तांब्या. घरातला, पितळी, घासलेला. बायकोच्या हातानं नाही, स्वतः आणला आणि माझ्या पुढं धरला. "पानी घे, पोरी. उन्हाची आलीस."

आपल्या आज्याला नाही मिळाला, आबाला नाही मिळाला. मी तो हातात घेतला आणि अंगणात ओतला.

म्हाताऱ्याचं तोंड काळं पडलं. "आमच्या घरचं पानी चालंना व्हय आता?"

"तात्या, ह्यात सोमल आहे," मी म्हटलं. "आणि अजून एक ऐका. तुमच्या म्हशी मरायच्या तीन आठवडे आधी मी आमच्या विहिरीचं पाणी आणि चराची माती तपासली होती. तेव्हाच कागद पिवळा आला होता. मी कागद फाडला. दादाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही. घाबरले. तुम्ही लोक मारता म्हणून घाबरले. तुम्ही मारलंतच."

त्यांनी हात उगारला. मी डोळे मिटले नाहीत. हात वरच राहिला. अजून नखं आली नाहीत त्याला. मग ते वळले, पहार उचलली आणि बोरच्या हापशाचा दांडा तुटेपर्यंत घाव घातले. आत नात रडायला लागली. दांडा पडला तेव्हा ते तिथंच चिखलात बसले.

"आदी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर ह्या हातास्नी त्याचं रगात लागलं नसतं."

"आधी सांगितलं असतं तर आधी लागलं असतं," मी म्हटलं.

खोटं म्हणायचं तर त्यांनाही जमेना. मग विचारलं, "ह्ये उत्तमला ठावं हुतं का?"

"त्यानं विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"मग हितं काय बसलीस? जा. त्याला सांग आदी. मंग गावात संगं जाऊ, घरोघर बाटल्या गोळा करू. म्या येतो."

म्हणून खाणीच्या काठाला बसलेय. लॅबच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय, मुरूम उडून अक्षरांवर पडतोय. खाली तुझा टिकाव अजून तसाच आहे, कुणी हात लावलेला नाही. तात्या बांधावर हातात दोन रिकाम्या बाटल्या घेऊन थांबलेत. इकडं बघत नाहीत.

व्हय, दादा. पैल्या खेपंलाच पिवळा आला हुता.